कुठला तोळा, कोणता शेर?

चेन्नईत सोनं स्वस्त मिळतं, ही आमच्या नातेवाइकांतली पिढीजात समजूत आहे. एरवी ती निपचित पडून असते. अक्षय तृतीया जवळ आली, की चेन्नईच्या भावाची बातमी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलतं आणि सांगलीहून मावशीचा फोन येतो.

"अरे, तुमच्याकडे अठ्ठ्याऐंशी हजार आणि इथे एक लाख वीस हजार! आणि तू इतकी वर्षं तिथं राहून आम्हाला बोलला नाहीस?"

हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत. सोन्याचा खरा भाव हा लेख छापून होईपर्यंत कुठं पोचला असेल, ते सांगायला ज्योतिषीही तयार नसतात. पण फरकाचं प्रमाण हेच असतं आणि मावशीचा आवाजही हाच असतो. 'बोलला नाहीस' यात माझ्यावर स्वस्त सोनं दडवल्याचा सरळ आरोप असतो.

खरा प्रकार असा. चेन्नईत सोन्याचा भाव सांगतात तो सवरनचा. सवरन म्हणजे ८ ग्रॅम, तेही २२ कॅरटचं सोनं. लोक त्यालाच पवुनही म्हणतात. आपल्याकडे भाव सांगतात तो तोळ्याचा, म्हणजे १० ग्रॅमचा, आणि बातमीत बहुधा २४ कॅरटचा. एकीकडे वजन कमी आणि सोनंही कमी अस्सल, दुसरीकडे दोन्ही जास्त. मग आकडा सारखा येणार कसा? हिशेब मात्र देखणा सुटतो. चेन्नईच्या सवरनला १५ नं गुणायचं आणि ११ नं भागायचं, की आपल्या २४ कॅरटच्या तोळ्याचा भाव येतो. ८८ हजारांना १५ नं गुणून ११ नं भागा. बरोब्बर एक लाख वीस हजार. एक पैसा इकडचा तिकडं होत नाही.

हे मी मावशीला पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "तुझं गणित बरोबर असेल रे, तू लहानपणापासून हुशार. पण बत्तीस हजार म्हणजे काही थोडे नाहीत. येताना चार तोळे घेऊन ये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वजनांचं रूपांतर करणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते माणसांचं. ज्याच्या घरात जे माप चालतं, त्याला ते सूर्योदयासारखं निसर्गनियमानं आलेलं वाटतं आणि बाकीच्यांची मापं म्हणजे त्या त्या गावची लबाडी वाटते. इथं माझे तमिळ सहकारी मला तितक्याच संशयानं विचारतात, "तुमच्याकडे सोनं इतकं महाग का?" त्यांनाही मी पंधरा आणि अकरा सांगतो. तेही शांतपणे ऐकून घेतात.

गंमत अशी, की ज्या मापांचा दोन्हीकडे इतका अभिमान, ती मूळची घरची नाहीतच. सवरन म्हणजे इंग्रजांचं सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं. आधुनिक सॉव्हरिन १८१७ मध्ये निघालं, वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरट. चेन्नईच्या सराफांनी मोठ्या मनानं त्यात ०.०१२ ग्रॅमची भर घालून आठ पुरे केले. ब्रिटिश साम्राज्याला पदरचं घालून दिल्याचं हे दुर्मीळ उदाहरण म्हणावं लागेल. आणि हे सॉव्हरिन १९१८ साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं होतं! म्हणजे नाणं मुंबईत पडलं आणि डोक्यावर घेतलं ते मद्रासनं.

उलट तोळा बघा. आपला अस्सल तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १२ मासे म्हणजे एक तोळा, ९६ गुंजा म्हणजे एक तोळा, हे पाढे आपल्या आजोबांनी छड्या खाऊन पाठ केले. पण १८० ग्रेन हे वजन कुठून आलं? ते कंपनी सरकारच्या रुपयाचं वजन. आणि १८० ग्रेनचा चांदीचा रुपया मद्रासच्या टांकसाळीनं १८१८ मध्येच सुरू केला होता. पुढं १८३३ मध्ये तेच वजन तोळा म्हणून सरकारी वजनांचा पाया ठरलं आणि १८३५ मध्ये तोच रुपया साऱ्या कंपनी मुलखाचा झाला. थोडक्यात, मद्रासच्या रुपयाच्या वजनाचा तोळा आपण छातीशी धरला आणि मुंबईत पडलेलं सॉव्हरिन त्यांनी गळ्यात घातलं. इतकी चोख देवाणघेवाण दोन राज्यांत एरवी पाण्याची सुद्धा होत नाही.

बरं, तोळा तरी एक आहे का? सराफाचा तोळा दशमान पद्धत आल्यावर झिजत झिजत १० ग्रॅमवर आला. जुना सरकारी तोळा ११.६६ ग्रॅमचा. आणि आयुर्वेदाच्या औषधी योगसंग्रहात तोळा, म्हणजे कर्ष, १२ ग्रॅमचा धरतात. एकाच नावाचे तीन भाऊ, तिघांचं वजन वेगळं. सगळ्यांत धष्टपुष्ट वैद्यांकडे राहतो आणि सगळ्यांत रोडका सराफाकडे, यात ज्याला जो अर्थ काढायचा त्यानं काढावा. हिंदी सिनेमातले तस्कर जी सोन्याची बिस्किटं आणायचे, ती मात्र दहा जुन्या तोळ्यांची, म्हणजे ११६.६४ ग्रॅमची असत. तस्करांनी माप राखलं, हे इतिहासात नोंदवलं गेलं पाहिजे.

या गोंधळात न बुडणारी माणसं मला चेन्नईत भेटली, ती आपलीच. साहुकारपेठेच्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्यातले गलाई व्यावसायिक आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून उठून ही मंडळी देशभरातल्या सराफ बाजारांत गेली. जुने दागिने आटवायचे, टंच काढायचा, अस्सल सोनं वेगळं करायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्यातल्या एका दादांच्या भट्टीशी मी कधीमधी बसतो. मुशीत सोनं वितळत असतं आणि दादा एकाच वेळी तीन भाषांत आणि तीन मापांत बोलत असतात. दारात आलेल्या तमिळ सोनाराशी पवुन, गादीवरच्या मारवाडी शेठशी ग्रॅम आणि पॉइंट, गावाकडून आलेल्या फोनवर तोळा. तिन्ही आकडे तोंडी, कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही.

मी त्यांना माझं पंधरा-अकराचं सूत्र अभिमानानं सांगितलं. त्यांनी सोन्यावरची नजर न काढता विचारलं, "आणि सेदारम?"

सेदारम म्हणजे घट. चेन्नईच्या दागिन्यांच्या बिलात दोन शब्द हमखास भेटतात. एक सेयकूली, म्हणजे घडणावळ, दुसरा सेदारम. दागिना घडवताना कानशीत, धुळीत, भट्टीत जे सोनं वाया जातं म्हणतात, त्याचे पैसे. हे सोनं दागिन्यात नसतं, दुकानात सापडत नाही, फक्त बिलात असतं. तोळा, पवुन, ग्रॅम, सगळ्यांची रूपांतरं झाली, पण सेदारमला दुसरं माप नाही. ते टक्क्यांत असतं आणि टक्का सांगलीतही तेवढाच असतो. मावशीच्या स्वस्त सोन्याचा जो काही अंश उरला असता, तो इथं संपतो.

सोनं परवडलं, इतका घोळ स्वयंपाकघरात आहे. आमच्या शेजारच्या मामी मैलापूरच्या. त्यांच्या सासूबाईंच्या हातची लोणच्याची कृती त्यांच्याकडे एका पिवळ्या वहीत आहे आणि ती पूर्ण जुन्या मद्रासी वजनांत आहे. कैऱ्या दोन वीसै, मीठ इतके पलम, तिखट तितके पलम. मी लिहून घ्यायला बसलो.

"मामी, पलम म्हणजे किती?"

"वीसैचा चाळिसावा भाग."

"आणि वीसै म्हणजे?"

"चाळीस पलम."

हे ऐकून मी वही मिटली. इतकं निर्दोष उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. शेवटी जुन्या मद्रासचं कोष्टक शोधलं. ३ तोळ्यांचा १ पलम, ८ पलमांचा १ शेर, ५ शेरांची १ वीसै, ८ वीसैंचा १ मण, २० मणांची १ खंडी. म्हणजे पलम सुमारे ३५ ग्रॅम आणि वीसै सुमारे १.४ किलो. इतकं सोपं आहे तर, म्हणून मी सुस्कारा सोडतो तोच मामा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आमच्याकडे वीसै मोठी होती." मामांचं बालपण रंगूनला गेलेलं. ब्रह्मदेशातली वीसै १.६३ किलोची. एका छपराखाली दोन वीसै नांदत होत्या आणि लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती.

हे पुण्याच्या काकांना कळलं. काकांना सगळ्या गोष्टींचं मूळ संस्कृतात सापडतं. ते म्हणाले, "पलम म्हणजे आपलं पल. आयुर्वेदात पल ४८ ग्रॅमचं. त्यांनी कमी केलं असणार." काकांच्या पलानं मीठ घातलं असतं तर लोणचं वर्षभर टिकलं असतं, कारण कुणी खाल्लंच नसतं. मामींनी या सगळ्या संशोधनाकडे दुर्लक्ष केलं. बरणीच्या झाकणावर दडपण म्हणून ठेवलेलं सासूबाईंचं एक वीसैचं लोखंडी वजन त्यांनी उचललं, तराजूत टाकलं आणि कैऱ्या तोलल्या. त्या वजनाचं रूपांतर त्यांनी कधी केलं नाही, कारण त्यांना गरजच पडली नाही.

आता मणाकडे वळू. 'मणभर' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे जो ढीग येतो, तो कुठल्या प्रांतात उभं राहून म्हणतो यावर अवलंबून असतो. कंपनीच्या हिशेबात मद्रासचा मण २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलो. मुंबईचा मण २८ पौंडांचा, १२.७ किलो. आणि बंगालचा मण ३७.३२ किलो! मद्रासमध्ये तीन हमालांनी उचललेलं ओझं कलकत्त्यात एका मणात बसायचं. शेराचंही तेच. मद्रासचा शेर सुमारे २८० ग्रॅम, मुंबईचा सुमारे ३१८ ग्रॅम, बंगालचा ९३३ ग्रॅम. मुंबईचा शेर ७२ टांकांचा. त्याचा आठवा हिस्सा ९ टांक, म्हणजे आपलं नवटाक. 'शेरास सव्वाशेर' ही म्हण वापरायची तर आधी प्रांत विचारून घ्यावा. मद्रासच्या शेराला सव्वाशेर भेटला तरी तो ३५० ग्रॅमचाच. बंगालचा साधा शेर त्याला एका हातानं लोळवेल.

या तीन प्रांतांत माल फिरवणाऱ्या कारकुनांची मला फार कीव येते. १८३३ मध्ये सरकारनं ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण ठरवला. त्यातली मखलाशी अशी, की हा मण बरोबर १०० ट्रॉय पौंडांचा भरतो. एतद्देशीयांना मण मिळाला, साहेबाला शंभर पौंड मिळाले, दोघंही खूश. या एकसूत्री वजनांमागे जेम्स प्रिन्सेप या टांकसाळीतल्या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. त्यानंच पुढं १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. मला यात नवल वाटत नाही. भारतातली वजनं ज्यानं जुळवली, त्याला कित्येक शतकं कुणी न वाचलेली लिपी म्हणजे विरंगुळा वाटला असणार. पुढं १८७१ मध्ये सरकारनं कायदा करून शेर एका किलोइतका करायचं ठरवलं. तो कायदा अमलात आलाच नाही. कागदावर किलो होता, बाजारात शेर होता, आणि बाजार जिंकला.

वजनांचं हे भांडण मिटवण्याचा शहाणपणा आपल्याकडे कुणी दाखवलाच नाही, असं मात्र नाही. चेन्नईहून तंजावरला जा. राजराज चोळानं सुमारे १०१० मध्ये पुरं केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर त्यानं देवाला दिलेल्या दागिन्यांच्या याद्या कोरल्या आहेत. कळंजु, मंजाडी, कुन्री अशी मापं. कुन्री म्हणजे आपली गुंज. दोन कुन्रींची मंजाडी, वीस मंजाडींचा कळंजु. पण राजराजानं नुसता आकडा कोरला नाही, तर वजन कुठल्या दगडानं केलं तेही कोरलं. सोनं 'आडवल्लान' नावाच्या वजनानं आणि रत्नं 'दक्षिणमेरुविटंकन' नावाच्या वजनानं. दोन्ही नावं देवाचीच. हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाला ठाऊक होतं, की नुसता आकडा सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. सराफाच्या काट्याला देवाचं नाव दिलं, की दांडी मारणाऱ्याचा हातही जरा थरथरतो. त्याच मंदिराच्या आवारात १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या काळात भोसले घराण्याची मराठी बखर शिळेवर कोरली गेली. आपल्या लोकांनी तिथं वंशावळ सविस्तर दिली.

दगडाचं नाव सांगणं किती मोलाचं, ते आपल्याच इतिहासात दिसतं. १६७४ च्या राज्याभिषेकात शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. तिथं हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं तुला सुमारे १६ हजार पगोडा भरल्याचं लिहिलं. पगोडा म्हणजे होन. पण होन अनेक होते आणि त्यांची वजनं सारखी नव्हती. मद्रासच्या पुढच्या काळातला स्टार पगोडा सुमारे ३.४ ग्रॅमचा. होनाच्या वजनात अर्ध्या ग्रॅमचा फरक धरला, तर १६ हजारांत ८ किलोंचा फरक पडतो. ऑक्झिंडेननं पगोडा कोणता ते एका शब्दात लिहिलं असतं, तर पुढच्या अभ्यासकांचे कष्ट वाचले असते.

दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून किलो येऊ लागला आणि १९६२ पर्यंत शेर, मण, वीसै कायद्यानं निवृत्त झाले. निवृत्त झाले, पण घर सोडून गेले नाहीत. कापसाचा भाव आजही खंडीचा निघतो. ती खंडी ३५५.६२ किलोची, म्हणजे ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडांच्या मुंबईच्या मणाचे २८ मण. मुंबईतल्या गिरण्या गेल्या, मण गेला, खंडी आहे. आणि आपण मागासलेले म्हणून लाजण्याचं कारण नाही. सोन्याचा जागतिक भाव लंडन-न्यूयॉर्कात आजही ट्रॉय औंसात, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅमच्या पटीत सांगतात. बहुतेक जगानं किलो स्वीकारला, फक्त सोन्याला कुणी कळवलं नाही.

चेन्नईच्या रस्त्यावर मात्र एक माप असं आहे, की त्यापुढे प्रिन्सेपही हात टेकेल. मोगऱ्याचा गजरा इथं मुळमावर मिळतो. मुळम म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. कोपर कुणाचं? विकणारीचं. म्हणून जाणत्या बायका फुलवालीचा चेहरा बघत नाहीत, फुलं बघत नाहीत, आधी तिचा हात बघतात. लांब हाताच्या फुलवालीकडे गर्दी असते. या मापाला प्रमाणपत्र नाही, शिक्का नाही, निरीक्षक नाही, आणि तरीही त्यावरून भांडण झालेलं मी अजून पाहिलं नाही. भांडणं होतात ती तीन दशांश स्थळं दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यांपुढं.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. सोनं सांगलीत घ्या, चेन्नईत घ्या, तोळ्यात सांगा किंवा सवरनमध्ये. बिलावर ग्रॅम आणि कॅरट दोन्ही वाचा. २२ कॅरटला ९१६ चा हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक आहे का पाहा. घट आणि घडणावळ किती टक्के, ते दागिना आवडायच्या आधी विचारा; आवडल्यानंतर विचारून उपयोग नसतो. आणि चेन्नईतल्या भाच्याला फोन लावण्यापूर्वी तिथल्या भावाला १५ नं गुणून ११ नं भागा. फरक दिसला नाही, तर फोन जरूर करा, पण तब्येत विचारायला.